मैदानावर न जाता फिटनेसमध्ये 'ओ' ग्रेड



इथे मी नेहमी एखादा आजार किंवा एखादी तपासणी घेऊन लिहिते. आज बी.ए.च्या अभ्यासक्रमावर लिहिणार आहे. डॉक्टरने त्यात नाक का खुपसावं, असं वाटत असेल तर आधी दवाखान्यात काय घडलं ते ऐका.

वीस वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली. इतिहास घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. शिवाय स्पर्धा परीक्षेची तयारी, त्यामुळे कॉलेजचे तास सोडले तर दिवसभर अभ्यासिकेतल्या खुर्चीत. कंबर दुखते ही तक्रार. तपासलं, मणक्यात किंवा नसांत काही दोष नाही. पण उकिडवं बसायला सांगितलं तर टाचा जमिनीला टेकेनात, आणि उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागला. वजन ४७ किलो. वडिलांना मधुमेह आहे म्हणून मी रक्ततपासणी लिहून दिली, तर आई म्हणाली, "अहो मॅडम, एवढी बारीक आहे, हिला कुठली शुगर?" रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन ९.८ आणि एचबीएवनसी ५.९. रक्त कमी असताना हा दुसरा आकडा थोडा वर दिसू शकतो, म्हणून लोहाच्या गोळ्या देऊन तीन महिन्यांनी तो पुन्हा पाहायचा आहे. तरी वीस वर्षांच्या मुलीच्या रिपोर्टवर तो आकडा पाहून मला बरं वाटलं नाही.

रिपोर्ट दाखवायला आल्या तेव्हा आईने मुद्द्याचं काम काढलं. "मॅडम, एक मेडिकल सर्टिफिकेट पाहिजे होतं. कॉलेजात नवे सर आलेत. ते स्पोर्ट्सची हजेरी मैदानावर घेतात. हिची कंबर दुखते, तर जमणार नाही असं लिहून द्या ना."

मी मुलीला विचारलं, "अगं, मग आतापर्यंत कसं करत होतीस?"

ती हसली. "मॅडम, मला मागच्या वेळी स्पोर्ट्स अँड फिटनेसमध्ये ओ ग्रेड आहे. फाइल लिहून द्यायची असते. कबड्डीच्या मैदानाची आकृती, योगासनांचे फायदे, असं. सीनियर ताईची होती, तीच उतरवून काढली. मैदानावर एकदा गेलो होतो, फोटो काढायला."

ओ म्हणजे आउटस्टँडिंग. कंबर दुखते, उकिडवं बसता येत नाही, आणि विद्यापीठाच्या लेखी ती तंदुरुस्तीत सर्वोत्कृष्ट आहे.

कागदावरचा डोस

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू करताना महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये पदवीचा जो आराखडा काढला, त्यात सहअभ्यासक्रम म्हणून एक गट आहे. आरोग्य आणि स्वास्थ्य, योग, क्रीडा, सांस्कृतिक उपक्रम, एनएसएस, एनसीसी, कला यांतलं काहीतरी घ्यायचं आणि त्याचे क्रेडिट मिळवायचे. पूर्वी जिमखान्याची फी भरून जिमखान्याचं तोंड न पाहता पदवी मिळायची, त्या मानाने ही सुधारणाच म्हणायला हवी.

आता हिशेब करा. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास. दोन क्रेडिटचे ६० तास. सत्र १५ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला चार तास, म्हणजे २४० मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. म्हणजे आपल्या अभ्यासक्रमातली मात्रा अगदी बरोबर आहे! मी स्वतः चिठ्ठी लिहिली असती तरी एवढीच लिहिली असती. फक्त गोळी रुग्णाच्या पोटात गेलेली नाही. रिकामं पाकीट दाखवून त्याने पूर्ण गुण घेतले आहेत.

तुम्ही म्हणाल, मग हजेरी कडक करा, प्रश्न मिटला. त्या नव्या सरांचं मला कौतुकच आहे. पण माझं म्हणणं वेगळं आहे. नुसती हजेरी कडक केली तर मुलं सत्रभर पळतील आणि सत्र संपल्यावर बूट काढून ठेवतील ते कायमचे. मानव्यविद्या एका इमारतीत आणि शारीरिक शिक्षण मैदानाच्या कोपऱ्यातल्या खोलीत, ही फाळणीच चुकीची आहे. इतिहास, साहित्य, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी आणि शारीरिक शिक्षण देणाऱ्यांनी मिळून एक विषय शिकवायला हवा. त्याच तासाला घाम आणि त्याच तासाला चर्चा. हल्ली लाखांनी फी घेणारी लिबरल आर्ट्सची कॉलेजं निघाली आहेत, तिथेही ही दोन खाती वेगळीच दिसतात. जिम चकचकीत असते एवढाच फरक.

बारीक म्हणजे निरोगी नव्हे

आधी हे वय इतकं महत्त्वाचं का, ते थोडक्यात सांगते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याबरोबर २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक छोटं टिपण छापलं. त्यात दोघांचे फोटो शेजारी शेजारी. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन पळायचे. याज्ञिकांनी स्वतःबद्दल गमतीने लिहिलं होतं की आपला मुख्य व्यायाम म्हणजे लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत जाऊन ती गाठणं. त्यांनी फरकाचं खापर एकट्या व्यायामावर फोडलेलं नाही. जनुकं, गर्भात असताना झालेलं कुपोषण अशी कारणंही मांडली आहेत. पण मुद्दा तुमच्या लक्षात आला असेल. आपल्याकडे बारीक दिसणारी व्यक्तीही आतून जाड असू शकते. चरबी जास्त, स्नायू कमी.

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासकांनी काढलेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२ टक्के. २००० साली एकूण प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होतं. एका पिढीत दुप्पट. हाडांची ठेव तर साधारण पंचविशी-तिशीपर्यंतच साठते, पुढे फक्त काढत जायचं. म्हणजे कॉलेजची वर्षं ही ती ठेव भरायची शेवटची वर्षं. नेमकी तीच आपण खुर्चीत घालवतो आणि वर ओ ग्रेड देतो.

संघात निवड झालेल्यांचं पुढे काय होतं?

आपलं शारीरिक शिक्षण अजून संघ निवडण्यावर उभं आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, कबड्डीचा संघ, खो-खोचा संघ, करंडक, प्राचार्यांच्या केबिनमधलं काचेचं कपाट. हजारो मुलांतून काही डझन खेळतात, बाकीची टाळ्या वाजवतात किंवा तेवढंही करत नाहीत.

यावर एक जुना, सुंदर अभ्यास आहे. राल्फ पॅफेनबार्गर या अमेरिकन डॉक्टरांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या जवळपास १७ हजार माजी विद्यार्थ्यांची माहिती गोळा केली आणि १९७८ मध्ये निष्कर्ष छापले. हे सगळे ३५ ते ७४ वयाचे पुरुष. कॉलेजात कोण खेळाडू होतं, आता कोण किती हालचाल करतं आणि कुणाला हृदयविकाराचा झटका आला, हे त्यांनी ताडून पाहिलं. कॉलेजच्या संघातून खेळलेल्यांपैकी ज्यांनी पुढे खेळ सोडला, त्यांच्या हृदयाला त्या जुन्या खेळाचा काहीही फायदा उरला नव्हता. पुढेही हालचाल करत राहिलेल्यांनाच संरक्षण मिळालं. आणि कॉलेजात कधी मैदानावर न गेलेले, पण नंतर चालू-धावू लागलेले? त्यांनाही संरक्षण मिळालं!

याचा अर्थ काय? कॉलेजात व्यायाम म्हणून काय केलं याला फारसं महत्त्व नाही. चाळिशीत तुम्ही काय करता, याला आहे. मग कॉलेजच्या शारीरिक शिक्षणाची परीक्षा एकच: यातून बाहेर पडलेला माणूस वीस वर्षांनी चालतो का? करंडकांनी भरलेलं कपाट या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

आणि इथेच आम्ही डॉक्टरही नापास आहोत. मी गेली कित्येक वर्षं चिठ्ठीच्या तळाशी लिहिते, "रोज ४५ मिनिटे चालणे." किती जण चालतात? वरच्या गोळ्या घेतात, तळाची ओळ विसरतात. व्यायामाचे फायदे आता सर्वांना तोंडपाठ आहेत. रोज सकाळी व्हॉट्सॲपवर ते येतातच. (व्यायामाने बुद्धी तल्लख होऊन परीक्षेत मार्क वाढतात, असंही येतं. तो पुरावा मला तितका भक्कम वाटत नाही, म्हणून मी त्याचा आधार घेत नाही.) तरी माणसं हलत नाहीत, कारण अडचण माहितीची नाहीच.

मग कशाची आहे? माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून लोक काय सांगतात ते पाहा. शेतावर राबणारा म्हणतो, "दिवसभर कामच एवढं करतो, वर आणखी व्यायाम कशाला? ते रिकामटेकड्यांचं काम." त्याच्या दृष्टीने कष्ट आणि व्यायाम यांत एक सामाजिक दरी आहे, आणि त्याचं सगळंच चूक नाही. त्याचा शिकलेला मुलगा म्हणतो, "आईबापांनी एवढे कष्ट केले ते मला घाम गाळायला लागू नये म्हणूनच ना?" बाई म्हणते, "पहाटे रस्त्यावर एकटी कशी जाऊ? आणि त्या वेळी डबे कोण करणार?" कॉलेजातली मुलगी म्हणते, "ट्रॅक पँट घालून मैदानातून गेलं की मुलं बघतात." जाड मुलगा काही म्हणत नाही. शाळेत पीटीच्या तासाला त्याला काय नावं ठेवली गेली, ते त्याची आई नंतर हळूच सांगते.

जात, श्रमाची प्रतिष्ठा, बाईला रस्त्यावर असलेली किंवा नसलेली जागा, शरीराची लाज, हे माझ्या एमडीच्या पुस्तकात नव्हतं. हे समाजशास्त्राच्या, साहित्याच्या, इतिहासाच्या वर्गात असतं. पण तिथे ते खुर्चीत बसून, नोट्स काढून, परीक्षेपुरतं वाचलं जातं. ज्या वर्गात दया पवारांचं 'बलुतं' वाचलं जातं, त्या वर्गातल्या कुणालाही राबणाऱ्या शरीराचा अनुभव विचारला जात नाही. आणि मैदानावर शिट्टी वाजवणारे सर, एखादी मुलगी शेवटच्या रांगेत ओढणी सावरत का उभी आहे, हे विचारत नाहीत. ज्यांच्याकडे प्रश्न आहेत त्यांच्याकडे मैदान नाही. ज्यांच्याकडे मैदान आहे ते प्रश्न विचारत नाहीत.

तालीम

मला हे नवीन खूळ सुचलेलं नाही. आपल्या भाषेलाच ते ठाऊक आहे. 'तालीम' हा शब्द घ्या. मूळ अरबी शब्दाचा अर्थ शिक्षण. गांधीजींच्या 'नई तालीम'मध्ये तोच अर्थ आहे. मराठीत मात्र तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा आणि तालीम म्हणजे नाटकाचा सरावही. ज्ञान, कला आणि लाल माती, तिन्ही एका शब्दात. अथेन्सबाहेरची प्लेटोची अकादमी जिथे भरत असे तीसुद्धा मुळात व्यायामाची जागा होती. तिथला जिम्नॅशियम हा शब्द पुढे इंग्रजीत व्यायामशाळा झाला आणि जर्मनीत चक्क अभ्यासाची शाळा.

आपल्याकडचे दाखलेही लांबचे नाहीत. टिळक १८७३ च्या सुमारास डेक्कन कॉलेजात आले तेव्हा प्रकृतीने अशक्त होते. पहिलं वर्ष त्यांनी व्यायाम आणि पोहण्यात घालवलं आणि त्या पायी परीक्षेवर पाणी सोडलं. पुढे गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. झाले. आज एखाद्या मुलाने असं केलं तर घरात काय होईल, कल्पना करा. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी एकीकडे सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेले, तर दुसरीकडे स्वतः चित्रकार आणि कलासंग्राहक. औंधचं चित्रसंग्रहालय त्यांनीच उभारलं. त्याच छोट्या संस्थानाने स्वातंत्र्याच्या आधीच प्रजेला स्वराज्याची घटना दिली. दंडबैठका, चित्रं आणि राज्यघटना एका माणसाच्या डोक्यात सुखाने नांदत होती. बडोद्यात द. चिं. मुजुमदारांनी 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड मराठीत काढले. आज मराठीच्या किती एम.ए. विद्यार्थ्यांनी ते उघडले असतील?

आणि कोल्हापूर. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट कोल्हापुरात आजही सांगितली जाते. एका कॉलेजच्या प्राचार्याला कुस्ती ही आपल्याच विद्येचा भाग वाटली. आजचे प्राचार्य घर गहाण ठेवोत असं मी म्हणत नाही. वेळापत्रकात दोन सलग तास दिले तरी पुरे.

बाहेर पाहायचं तर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१९ पासून सुरू झालेला प्रसिद्ध 'कोअर' अभ्यासक्रम आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने अभिजात साहित्य, तत्त्वज्ञान, कला, संगीत शिकायचंच, आणि त्याच अनिवार्य यादीत शारीरिक शिक्षणही आहे, पोहण्याच्या चाचणीसह. होमर वाचल्याशिवाय पदवी नाही आणि पाण्यात उतरल्याशिवायही नाही! मला ते आवडतं. पण तिथेही ही दोन कामं शेजारी शेजारी चालतात, एकमेकांत मिसळत नाहीत. आपल्याला त्याच्या एक पाऊल पुढे जाता येईल, कारण आपल्याकडे साहित्यच असं आहे की जे शरीर हलवत असताना जन्माला आलं.

एक तास असा

जात्यावरच्या ओव्यांचंच बघा. गी पोतवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवून घेतल्या. मराठीच्या वर्गात त्या छापील स्वरूपात येतात, अलंकार ओळखा म्हणून. मी असते तर वर्गात जातं आणलं असतं. दोघादोघांनी समोरासमोर बसून दहा मिनिटं दळायचं. आधी आणि नंतर नाडी मोजायची. मनगटावर बोटं, १५ सेकंदांचे ठोके, गुणिले चार. वीस वर्षांच्या मुलासाठी मिनिटाला साधारण १२८ ते १५२ ठोके म्हणजे मध्यम श्रम. मुलं किती दमतात ते बघा. पाठ, खांदे, दंड, पोट, सगळं कामाला लागतं. मग बसायचं आणि ओव्या वाचायच्या. खुंटा फिरवायच्या लयीत ओळ का तुटते, श्वास कुठे घेतला जातो, हे शरीरालाच कळलेलं असेल. त्यानंतर खरा वाद सुरू करायचा. आजीच्या दळणाला आपण व्यायाम म्हणायचं का? तिला पर्याय होता का? "पूर्वीच्या बायका दळण-कांडण करायच्या म्हणून तंदुरुस्त होत्या" असं आज सहज म्हणणारे पुरुष नेमकं काय झाकतात? (डॉक्टर म्हणून माझी भर: त्या बायका बाळंतपणात आणि रक्त कमी होऊन भराभर मरतही होत्या.)

सूर्यनमस्कार सगळेच घालायला लावतात. घालाच, बारा घाला. पण घालून झाल्यावर हेही वाचा की आज ज्या रूपात ते शाळाशाळांत दिसतात, ते रूप पसरवण्यात विसाव्या शतकातल्या औंधच्या राजाचा किती मोठा वाटा आहे. परंपरा कशी घडते हा इतिहासाचा केवढा मोठा प्रश्न आहे, आणि तो विचारणाऱ्याचे खांदे त्याच वेळी दुखत असतील.

वारीचंही तसंच. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, मजल दरमजल. पाउली, फुगडी, रिंगण, आणि अखंड अभंग. तुकारामाची गाथा शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी वर्गाला एका मुक्कामापासून दुसऱ्या मुक्कामापर्यंत चालवलं, तर मुलांच्या पायाला फोड येतील आणि अभंगाचं चालीशी काय नातं आहे ते त्यांना कुणी वेगळं सांगावं लागणार नाही. वारीत कुणाची दिंडी कुठे चालते, कोण पुढे आणि कोण मागे, हे प्रश्न तर पावलागणिक भेटतील.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो अमरावतीचा धडा. तिथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी गेलं आणि कबड्डीसह भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. पारतंत्र्यातल्या देशाच्या पोरांनी जगासमोर आपले खेळ मांडले, याचा अभिमान वाटायलाच हवा. पण ते बर्लिन हिटलरचं होतं. तिथे निरोगी, पिळदार शरीराची पूजा चालली होती आणि दुबळ्या, अपंग, ज्यू माणसांना जगण्याचा हक्क नाकारण्याची तयारीही. काही वर्षांत तिथे अपंग आणि मनोरुग्णांना मारण्याची मोहीम निघाली, आणि त्यात माझ्या व्यवसायाचे लोक, डॉक्टर, पुढे होते. कबड्डीचा डाव खेळून घामाघूम झालेल्या वर्गाला हे त्याच मैदानावर बसून शिकवलं पाहिजे. शरीर कमावणं चांगलं. कमावलेल्या शरीराच्या रांगा कुणाच्या शिट्टीवर आणि कुठे चालल्या आहेत, हे विचारता येणं त्याहून गरजेचं. नुसत्या कवायतीने आज्ञाधारक माणसं तयार होतात. म्हणून मानव्यविद्येला मैदानाची जेवढी गरज आहे, त्याहून थोडी जास्तच मैदानाला मानव्यविद्येची आहे.

"पण मॅडम, मैदानच नाही"

हे उत्तर मला ठाऊक आहे. मुंबईतली कितीतरी कॉलेजं एका इमारतीत भरतात. पण मी वर सांगितलेल्या गोष्टींपैकी मैदान किती गोष्टींना लागतं ते पुन्हा पाहा. जात्याला खोलीचा कोपरा पुरतो. दंड-बैठकांना सतरंजीएवढी जागा. चालायला रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर फूटपाथ का नाही, सकाळी सहाला तिथे बायका किती दिसतात आणि रात्री नऊला किती, हे मोजून आणणं हा समाजशास्त्राचा उत्तम स्वाध्याय आहे.

शिक्षक कुठून आणायचे? आहेतच. कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक नावाचं पद असतं. बहुतेक ठिकाणी एकच माणूस, उच्चशिक्षित, आणि त्याला आपण स्पर्धांचे अर्ज भरायला, मिरवणुकीत आणि शिस्त समितीत वापरतो. त्याला मराठीच्या किंवा इतिहासाच्या प्राध्यापकाबरोबर एका वर्गावर उभं करा. मराठीचे प्राध्यापकही स्वतः बैठका काढतील, ही अट मात्र हवी. खुर्चीत बसून पोरांना बैठका मोजायला सांगणारे प्राध्यापक चालणार नाहीत.

अपंग विद्यार्थी, दम्याची मुलं, हृदयाचा झडपदोष असलेली मुलं यांचं काय? आजच्या पद्धतीत त्यांना सूट मिळते, म्हणजे व्हरांड्यात बसवलं जातं. ज्याची परीक्षा सेकंद आणि मीटरमध्ये होते त्या विषयात दुसरं काही होऊच शकत नाही. ज्या विषयात आपल्या शरीराला काय जमतं, काय जमत नाही आणि त्याचं गणित समाज कसं मांडतो हेच शिकायचं आहे, तिथे व्हीलचेअरवरची मुलगी व्हरांड्यात कशाला बसेल? गुण द्यायचे तर सत्राच्या सुरुवातीला ती कुठे होती आणि शेवटी कुठे आली यावर द्या, आणि तिने लिहिलेल्या रोजनिशीवर द्या. आणखी एक विनंती: भर वर्गात वजनकाटा आणून कुणाचा आकडा मोठ्याने वाचू नका. असे प्रकार झाल्यावर जेवण सोडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.

आता त्या सर्टिफिकेटकडे येते. अशी सर्टिफिकेटं मी पूर्वी दिली आहेत, हे कबूल करते. पालक ओळखीचे असतात, बारावीचं वर्ष असतं, "एक सही तर करायची आहे" असं म्हणतात. पीटीतून सुटका म्हणजे अभ्यासाला वेळ, असं तेव्हा मलाही वाटायचं. त्यातली काही मुलं आता तिशीत आहेत आणि रक्तदाबाच्या गोळ्या माझ्याकडूनच घेतात.

या वेळी मी लेटरहेडवर असं लिहिलं: "हिला पाठीच्या स्नायूंच्या अशक्तपणामुळे कंबरदुखी आहे. हिने रोज अर्धा तास चालावं. आधार धरून बैठका काढाव्यात, दहापासून सुरुवात. कबड्डी आणि वजन उचलणं सहा आठवडे नको, त्यानंतर मी पुन्हा तपासेन. मैदानावरून सूट देण्याचं वैद्यकीय कारण नाही." आईने कागद दोनदा वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला, थोडी नाराज होऊनच. मुलीने जाता जाता विचारलं, "मॅडम, ते औंधचं चित्रसंग्रहालय बघायला कसं जायचं?" सातारा जिल्ह्यात आहे, असं सांगितलं. टेकडीवर आहे, पायऱ्या चढून जावं लागतं.